साहेबांची गोधडी आणि रखमीचं लुगडं

सरावलीच्या पाड्यावरची हिरी माणसाचं तोंड नंतर बघायची, आधी त्याचे कपडे कुठं झिजलेत ते बघायची. मोळी वाहणाऱ्याचा सदरा खांद्यावर विरतो, कारकुनाचा कोपराला, आणि दिवसभर खुर्ची सांभाळणाऱ्याची पॅंट कुठं विरते ते सांगायला नको. एस. टी.चा एक कंडक्टर होता. आजारी नातू कडेवर घेऊन ती भर उन्हात रस्त्याला उभी असताना त्यानं थांबा नसलेल्या जागी गाडी थांबवली होती. तीन महिन्यांनी हिरीनं त्याच गाडीला हात केला, त्याच्याकडून जुना खाकी शर्ट मागून घेतला आणि होळीच्या आधी त्याला गोधडी नेऊन दिली. डाव्या खांद्यावर चामडी पिशवीच्या पट्ट्यानं झिरझिरीत झालेला तुकडा तिनं मुद्दाम मधोमध लावला होता. कंडक्टर रडला. मागं बसलेले पॅसेंजर गाडी का निघत नाही म्हणून ओरडले.

गोधडी तिनं कधी विकली नाही. कुणी विकत मागितली की ती तिथल्या तिथं त्याला अंगणाबाहेर काढायची. द्यायची ती फक्त आपल्या माणसाला, आणि तिचे नियम तिच्यापाशी पक्के होते. ज्याला द्यायची त्याचं अंगावरचं जुनं कापड तीत असलंच पाहिजे. नसलं तर ती गोधडी नाही, बैलाची झूल. आणि देताना एकेका तुकड्यावर बोट ठेवून सांगायचं, हे कुणाचं, ते कुणाचं. त्याशिवाय हातात द्यायची नाही.

नयनाताईंची मुलगी स्वप्ना झाली तेव्हा हिरीनं त्यांनाही गोधडी दिली होती, त्यांच्याच जुन्या पातळांची. नयनाताई म्हणजे डहाणूरोडच्या महिला मंडळाच्या अध्यक्षा, मिस्टर हायस्कुलात सर. त्यांनी ती गोधडी सहा वर्षं माळ्यावर डांबरगोळ्यांत ठेवली. मग मुंबईच्या कुठल्याशा मासिकात अशाच गोधडीचा रंगीत फोटो आला, तशी त्यांची गोधडी माळ्यावरून उतरली ती थेट दिवाणखान्याच्या भिंतीवर चढली. चार खिळे मारून. हिरीनं ते पाहिलं आणि विचारलं,

"ताय, भिंतीला थंडी वाजते काय?"

नयनाताई हसल्या. त्यांना वाटलं, किती निरागस!

ब्याण्णव सालच्या मे महिन्यात साहेबांची बदली झाली. कुठल्या खात्याचे साहेब ते विचारू नका. बदली झाली की सगळी खाती सारखीच रडतात. हे साहेब अडीच वर्षं होते. या अडीच वर्षांत त्यांनी सरावलीपासून झरीपर्यंत इतक्या फिती कापल्या, की शिंप्याला लाज वाटावी. त्यांच्या निरोप समारंभाची समिती बसली. शाल-श्रीफळ नेहमीचंच झालं, असं ठरलं. तेव्हा नयनाताई म्हणाल्या, "आपण साहेबांना मातीची ऊब देऊ या. हिरीची गोधडी!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माती शिवायची कुणी, हा प्रश्न कुणाला पडला नाही.

दुसऱ्या दिवशी जीप हिरीच्या अंगणात. नयनाताई आणि ऑफिसचे हेडक्लार्क सुदर्शन भाऊसाहेब. मागं शिपाई काळ्या, हातात भाऊसाहेबांची पाण्याची बाटली.

"हिरी, शुक्रवारी समारंभ आहे. तुला स्टेजवर बोलावणार, माईकवर नाव पुकारणार!" नयनाताई म्हणाल्या.

"आठ दिवसांत होईल ना?" भाऊसाहेबांनी घड्याळाकडं बघत विचारलं.

"व्हईल. साहेबाचे जुने कपडे आणा."

"जुने?"

"अंगावर झिजलेले. घामाचे."

भाऊसाहेबांचा चेहरा असा झाला, की जणू कुणी साहेबांचा लंगोट मागितला. "अगं, नवीन कापड देतो ना! चांगलं टेरिकॉट!"

"नव्या कापडाला माणूस नसतो," हिरी म्हणाली आणि कोंबडी हाकलायला उठली. बोलणं संपलं.

भाऊसाहेब ऑफिसात गेले आणि सरकारी माणूस जे करतो तेच त्यांनी केलं. टिपणी तयार केली. विषय : मा. साहेबांचे वापरातील जुने कपडे उपलब्ध होणेबाबत. पत्र झकास झालं. मग लक्षात आलं की ऑफिसातून बाहेर पडणारं प्रत्येक पत्र साहेबांच्या सहीनंच जातं. साहेबांना आश्चर्याचा धक्का द्यायचा, तर साहेबांनीच साहेबांना कपडे मागणाऱ्या पत्रावर सही करायची! साहेबांच्या बाई तिकडं पुण्याला. बंगल्यावरून चोरून आणावं तर धोब्याचा हिशेब साहेब स्वतः बघतात. भाऊसाहेबांनी घाम पुसला आणि घंटी वाजवली.

"काळ्या, तुझ्याकडं जुने मऊ कपडे असतील ना?"

"असतील जी."

"उद्या घेऊन ये. हिरीला सांग, साहेबांचे आहेत. तिला काय कळतंय!" आणि मग हलकेच, फायलींच्या गठ्ठ्यावर हात ठेवून, "तुझा कायम होण्याचा कागद माझ्याच टेबलावर आहे, बरं का. अकरा वर्षं झाली ना तुला?"

अकरा वर्षं रोजंदारीवर पाणी भरलेल्या काळ्याला यापेक्षा जास्त सांगावं लागत नाही.

तिसऱ्या दिवशी तो पिशवी घेऊन हिरीच्या ओटीवर आला. हिरीच्या घरापासून त्याचं घर हाकेवर, पण आज पाहुण्यासारखा अवघडून बसला.

"साहेबाचे कपडे, बाय."

हिरीनं पहिला सदरा काढला. उजेडात धरला. उजवा खांदा विरलेला, आरपार दिसत होतं.

"साहेब मोळ्या वाहतो?"

"नाय... व्यायाम करतो."

"एकाच खांद्याचा?"

काळ्यानं पिशवी पुढं सरकवली. मग विश्रामगृहाचे दोन जुने पडदे निघाले, मोठमोठ्या फुलांचे. हिरीनं ते बाजूला ठेवले. पडदा तर पडदा, निदान साहेब त्याच्याआड निजला तरी असेल. मग पिशवीच्या तळातून निघालं हिरवं लुगडं, लाल काठाचं. वापरून वापरून हाताला पाण्यासारखं लागणारं. हिरीनं काठ चाचपला. एका जागी चुलीची ठिणगी पडून भोक झालेलं, आणि त्याला रफू. तो रफू हिरीचाच होता. भाताच्या आवणीच्या दिवसांत रखमी बांधावर येऊन म्हणाली होती, बाय, एवढं भोक बुजवून दे, काळ्यानं पहिल्या पगारात घेतलंय.

रखमी काळ्याची बायको. दोन वर्षांपूर्वी काविळीनं गेली.

"साहेबाची बायको रखमीचं लुगडं नेसते काय रं?"

काळ्यानं मान खाली घातली. "घरात मऊ असं तेवढंच होतं, बाय. पत्र्याच्या पेटीत ठेवलेलं."

"साहेब कुठं जातो?"

"पुण्याला."

"म्हंजे रखमी पुण्याला जाणार. जिती असताना तलासरीच्या बाजाराच्या पलीकडं गेली नाय, आता साहेबाच्या पलंगावर जाणार. घे ते परत. उठ!"

"नाय घेता येत. गोधडी नाय झाली तं भाऊसाहेब मला धरंल. माझा कागद..."

"मेला तुझा कागद!" हिरी कडाडली. ओटीवरची शेळी उठून उभी राहिली. पण काळ्याकडं बघून तिचा आवाज खाली आला. गोधडी शुक्रवारी झालीच पाहिजे, लुगडं पुण्याला जाता कामा नये, आणि या भित्र्याच्या माथी काही येता कामा नये. तिन्ही गोष्टी एकाच सुईनं शिवायच्या होत्या. ती बराच वेळ लुगड्यावरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली,

"असं सांग, साहेब ज्या कापडाखाली सगळ्यात जास्त उभा राहिला ते कोणतं?"

काळ्याला विचार करावा लागला नाही. अडीच वर्षं शिडीवर चढून तेच तर त्यानं बांधलं होतं. "बॅनर."

"कुठं असतात ते?"

"स्टोअरात. ढीग पडलाय. उंदरं खातात."

"भाऊसाहेबाला सांग, हिरीला अस्तराला कापड कमी पडतंय."

भाऊसाहेब खूशच झाले. तो ढीग कुठं फेकायचा, या प्रश्नावर दोन वेळा मीटिंग झाली होती. 'निरुपयोगी कापड अस्तरासाठी दिले' अशी नोंद करून त्यांनी स्वतः सही ठोकली.

मांजरपाट चांगला होता. सरकार घोषणांना कापड कधी हलकं वापरत नाही. अक्षरांचा रंग तेवढा कडक. हिरीनं बॅनर सोड्यात भिजवले आणि धुवायला काढले. पाड्यावरच्या हातपंपाच्या उद्घाटनाचं कापड त्याच पंपावर धुणार होती, पण पंपाला उद्घाटनाच्या दिवसानंतर पाणी कधी आलंच नव्हतं. मग ती नाल्यातल्या डबक्यावर गेली. दगडावर आपटून आपटून अक्षरं फिकी झाली, पण गेली नाहीत. हिरीला वाचता येत नव्हतं. तिला त्याची गरजही नव्हती. कुठलं कापड कुठं टांगलेलं होतं ते काळ्याला पाठ होतं. तो सांगत गेला, ती कापत गेली.

गुरुवारी नयनाताई तपासणीला आल्या. घडी घातलेली गोधडी, वर विश्रामगृहाची फुलं. "अय्या, किती गोड! आणि आतली बाजू?"

"ती देताना दाखवायची असते."

"हो हो, परंपरा!" नयनाताईंनी वहीत लिहून घेतलं.

शुक्रवारी मांडव भरला. वर नवाकोरा बॅनर, साहेबांना हार्दिक निरोप. सात भाषणं झाली. सातही जणांना साहेबांमध्ये वडील दिसले, आणि त्यातले तीन साहेबांपेक्षा वयानं मोठे होते. मग हिरीचं नाव पुकारलं. ती स्टेजवर आली, काळ्याला एक टोक धरायला लावलं आणि गोधडी उलटी उलगडली.

"उलटी धरलीस!" नयनाताई कुजबुजल्या.

"हीच सुलटी," हिरी म्हणाली, आणि ते माईकवर गेलं. मग तिनं बोट ठेवलं. "साहेब, आमच्यात देताना सांगायचं असतं. हा तुकडा झरीच्या पंपाचा. पंपाला पाणी नाय आलं, पण कापड चांगलं निघालं. हा आमच्या पाड्याच्या पंपाचा. तोच जिन्नस. हे झाडं लावली त्याचं. झाडं शेळ्यांनी खाल्ली, शेळ्या पाहुण्यांनी खाल्ल्या. हे शाळेच्या खोलीचं. खोली अजून यायची हाय, कापड आधी आलं."

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. मग बाकड्यांची एक ओळ. मग सगळा मांडव. साहेब हसत राहिले. फोटोग्राफर समोर असला की साहेब माणसाला दुसरं काही करता येत नाही. भाऊसाहेब काळ्याकडं जळजळीत बघत होते, पण करणार काय, बॅनर दिल्याची सही त्यांचीच होती.

"यात साहेबाचं असं सगळं हाय," हिरी म्हणाली. "दुसऱ्या कुणाचं एक सूत नाय." तिनं गोधडी साहेबांच्या हातात दिली, आणि वरच्या बॅनरकडं बघून भाऊसाहेबांना म्हणाली, "भाऊसाहेब, हे वरचं फेकू नका. पुढच्या साहेबाला लागंल."

रविवारी साहेबांचा ट्रक निघाला. सामान अर्थात काळ्यानंच भरलं. संध्याकाळी तो हिरीच्या ओटीवर येऊन बसला, खांदा चोळत.

"नेली काय रं गोधडी?"

"नेली. फ्रिजखाली घातली, ओरखडा नको म्हणून."

"फ्रिजला थंडी वाजत असंल," हिरी म्हणाली. दोघंही बराच वेळ हसली. मग काळ्याचं हसणं मध्येच थांबलं. फ्रिजखाली काय जाणार होतं, ते त्याच्या आत्ता ध्यानात आलं.

हिरी आत गेली आणि दुसरी गोधडी घेऊन आली. ही लहान होती, एका माणसापुरती. एका बाजूला विश्रामगृहाचा उरलेला पडदा. दुसऱ्या बाजूला विरल्या खांद्याचा सदरा चौकटीसारखा चारी बाजूंनी लावलेला, आणि मध्ये सगळं हिरवं. लाल काठ न कापता अखंड ठेवला होता. ठिणगीचा रफू बरोबर छातीच्या जागी.

तिनं बोट ठेवलं. "हा तुझा खांदा." बोट पुढं सरकलं. "हे माझं, दोरा कमी पडला तं माझ्या पदराचा काढलाय." मग तिचं बोट हिरव्याच्या कडेला येऊन थांबलं. "हे मी सांगू काय?"

"नको," काळ्या म्हणाला. त्यानं स्वतःचं बोट रफूवर ठेवलं आणि तिथंच ठेवून बसला.

कागद त्याचा अजून भाऊसाहेबांच्या टेबलावरच होता. नवे साहेब सोमवारी हजर होणार होते आणि सकाळी शिडीवर चढायचं होतं.

"बाय, कुठली बाजू वर घ्यायची?" त्यानं उठताना विचारलं.

"पडदा वर घे, मेल्या. लुगडं अंगाला लागू दे."