एकही फेरा नाही

"मग तू बायको कशाची? ठेवलेली म्हण."

पांढरकवड्याच्या कोर्टात नवऱ्याचा वकील मला भर गर्दीत हे म्हणाला. लोक हसले. पुढच्या बाकावर माझा नवरा बसला होता, तोही हसला. त्याने दुसरी केली होती आणि मला लेकीसकट केळापूरला बापाच्या घरी आणून टाकलं होतं. मी त्याची लग्नाची बायको आहे, एवढंच ठरवून द्या म्हणून मी दावा लावला. त्याचं उत्तर काय, तर लग्नच झालं नाही. होम नाही, सप्तपदी नाही, मग लग्न कसलं!

लग्न झालं होतं. दीक्षा घेतल्यावर आमच्या वस्तीतलं ते पहिलंच. बुद्धाच्या तसबिरीसमोर त्रिशरण-पंचशील म्हटलं, हार घातले, सगळी वस्ती जेवली. आत्या तेवढी बापाच्या मागे लागली होती, "दादा, एक फेरा तरी मारू दे पोरीले." बापाने ऐकलं नाही. "सोडलं म्हंजे सोडलं." हाच नवरा तेव्हा सगळ्यात मोठ्याने जयजयकार करत होता.

मधल्या सुट्टीत आमच्या वकिलाने मला बाजूला घेतलं. "हे पाय बाई, लग्नाच्या कायद्यात तुम्ही बौद्ध लोक हिंदूतच धरले हायत. फेरे झाले म्हनून सांग. तुही आत्या साक्ष देईन. काम फत्ते."

माझं डोकंच फिरलं. भावाने शाळेच्या अर्जात धर्म बौद्ध लिहिला, तर त्याची शिष्यवृत्ती बंद केली. तुम्ही आता हिंदू राहिला नाहीत, म्हणाले. आणि लग्नाला मात्र हिंदू! आम्ही कोण, हे आम्हाला कोणी विचारणारच नाही का?

बाप शेजारीच उभा होता. "सांगून दे पोरी. जलम काढाचा हाय तुले," म्हणाला. ज्याने आत्याला गप्प केलं, तोच. त्याची चीड आली आणि कीवही.

पुन्हा पिंजऱ्यात उभी राहिले. नवऱ्याच्या वकिलाने विचारलं, "फेरे झाले?"

"नाही झाले. एकबी नाही. आमी बौद्ध आहो. आमचं लग्न असंच होते, अन् ते लग्नच हाय."

दावा गेला. कागदावर मी कोणाचीच बायको नाही. पण खोटं बोलून जिंकले असते, तर आमच्या वस्तीत त्यानंतर लागलेलं एकेक लग्न मीच खोटं पाडलं असतं. आता यवतमाळच्या वरच्या कोर्टात जाणार आहे. तिथेही फेरे विचारतील. तिथेही नाहीच म्हणणार.