भोंग्यावरचा गुरुवार

पवनी तालुक्यात, आसगावच्या पलीकडे, तलावाच्या पाळीखाली, म्हणजे बांधाखाली, एक गाव आहे. तिथल्या शाळेत मी शिक्षिका म्हणून लागले तेव्हा माझं लग्न व्हायचं होतं. घर साकोलीला, त्यामुळे गावातच खोली घेऊन राहत होते. सत्तरीचं दशक संपत आलं होतं आणि गावात वीज येऊन फार दिवस झाले नव्हते. ग्रामपंचायतीत एक रेडिओ होता. चपराशी संध्याकाळी तो आवाज वाढवणाऱ्या मशीनला जोडायचा आणि छपरावरच्या भोंग्यातून शेतीच्या बातम्या नि बाजारभाव गावभर ऐकू जायचे. हवा पडलेली असली की तलावापलीकडच्या बांध्यांमध्ये, भाताच्या खाचरांतसुद्धा शब्द न् शब्द पोहोचायचा.

सरपंचांना गाण्याचा शौक होता. मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रांच्या दिवसांत रात्र रात्र दंडारीचं लोकनाट्य बघणारा माणूस. त्यांनीच ठरवलं की गुरुवारी बातम्या झाल्या की रेडिओ बंद करायचा आणि त्याच मशीनला माइक लावून गावातल्या लोकांनी गायचं. कोण गाणार, काय गाणार हे सांगायला कोणीतरी हवं, म्हणून माझ्याकडे आले. मी हो म्हटलं आणि पहिल्या गुरुवारी भजन मंडळाचं नाव सांगताना दोनदा अडखळले. लोक मात्र खूश होते. ‘गावचा रेडिओ’ म्हणायला लागले. भजनी आले, दंडारीतले ढोलकीवाले आले, एक म्हातारे गृहस्थ खंजेरी घेऊन आले ते उठायलाच तयार नव्हते. बाया मात्र कोणी आल्या नाहीत. पंचायतीच्या खोलीत जाऊन माइकसमोर बसणं त्यांच्या घरच्यांना पटणारं नव्हतं.

पावसाळ्यात रोवणी सुरू झाली की अर्धी शाळा बांध्यांमध्येच असायची. गैरहजर पोरांना शोधत मी एके दिवशी शेताच्या धुऱ्यावरून चालले होते, तेव्हा एका तरुण बाईचं गाणं ऐकलं. चिखलात वाकून धानाचा पऱ्हा, म्हणजे भाताची रोपं, रोवणाऱ्या बायांच्या रांगेत ती पुढे होती. ती ओळ सांगायची आणि बाकीच्या झेलायच्या. आवाज जाडसर होता आणि सुरांना मध्य प्रदेशाकडचं वळण होतं. विचारल्यावर कळलं की तिचं माहेर बपेऱ्याचं, तुमसर तालुक्याच्या पार टोकाला. इतक्या लांबून आणलेली सून गावात दुसरी नव्हती.

तिला गुरुवारी गायला पाठवा म्हणून मी तिच्या घरी गेले. नवरा कामाला बाहेरगावी असायचा. सासू ऐकूनही घेईना. सासरे ओसरीवर दोर वळत बसले होते. तरुणपणी ते दंडारीत बाईचं काम करायचे आणि त्यांच्या आवाजासाठी दुसऱ्या गावांहून बोलावणी यायची, असं मला सरपंचांनी सांगितलं होतं. त्यांनी हातातला पीळ पुरा केला. मग म्हणाले, “भजन म्हणेल. दुसरं काही नाई. तुमी सोबत घेऊन जा आन् सोबत आणून सोडा. जबाबदारी तुमची, बाई.”

मी मान डोलावली. परक्या घरच्या सुनेची जबाबदारी घेणं काय असतं, हे मला माहीत तरी कुठे होतं?

त्या गुरुवारी मी तिला आणायला गेले. पंचायतीच्या खोलीत चपराशानं तिच्यापुढे माइक सरकवला आणि तो दाराशी जाऊन उभा राहिला. खिडकीबाहेर लोक दाटले होते. मी तिचं नाव सांगायचं नाही असं ठरलं होतं, म्हणून “आपल्या गावची एक सून भजन म्हणेल” एवढंच म्हटलं. तिनं डोळे मिटून भजन सुरू केलं. चांगलं झालं. मी सुटकेचा श्वास घेऊन आभार मानायला पुढे झुकले, तर ती थांबलीच नाही. श्वास घेतला आणि त्याच आवाजात रोवणीच्या गाण्यावर आली.

पऱ्हा उपटून आणला, गं बाई, दूरच्या बांधीत लावला,
माय माझी खाटेवर, सांगावा माझ्यापासून दडवला.

दुसरी ओळ कोणत्याच गाण्यातली नव्हती, हे मला लगेच समजलं. बाहेरच्या लोकांनाही समजलं, कारण खिडकीशी चाललेली कुजबुज एकदम थांबली. ती पुढे गात राहिली. पवनीच्या बाजारात माहेरचा माणूस घरच्यांना भेटला, त्यानं निरोप दिला, निरोप घरात आला आणि घरातच राहिला. रोवणी होऊ दे, मग सांगू, असं कोणीतरी म्हटलेलं तिनं भिंतीआडून ऐकलं. सगळं गाण्यातच, शांतपणे. कोणाचं नाव नाही, शिवी नाही.

मशीनचं बटण माझ्या हाताशी होतं. चपराशी माझ्याकडे बघत होता. भोंगा आत्ता तिच्या सासूच्या कानांत वाजत असणार, शेजारपाजारच्या दारांत बाया उभ्या राहिल्या असणार, सगळं मला दिसत होतं. बटण फिरवावं असं वाटलं. पण मध्येच आवाज तोडला तर ती अर्ध्या ओळीवर तशीच राहील, ही भीती त्याहून मोठी वाटली. मी हात मांडीवर ठेवला. तिनं गाणं संपवलं, पदर सारखा केला आणि म्हणाली, “चला, बाई.”

घरापर्यंतचा रस्ता मला आठवतो तो फक्त दारांचा. प्रत्येक दारात माणसं होती. सासरे ओसरीवरच बसले होते. सासू आतून आली, सुनेला म्हणाली, “आत जा.” मग माझ्याकडे न बघता, “तुमीबी घरी जा आता.”

दुसऱ्या दिवशी सून विहिरीवर दिसली नाही. रोवणीच्या रांगेतही नव्हती. शाळेत माझं लक्ष लागेना. पाढे घेताना पोरं चुकत होती आणि मला ऐकू येत नव्हतं. दुपारी सरपंचांनी बोलावून घेतलं. ते रागावले नव्हते, घाबरले होते. एखाद्या घरातली गोष्ट पंचायतीच्या भोंग्यावरून गेली, आता वरपर्यंत तक्रार गेली तर काय, असं त्यांना वाटत होतं. पुढचे गुरुवार बंद ठेवू म्हणाले. माझी बदली होईल का, हे विचारायचं माझ्या ओठांवर आलं, पण विचारलं नाही. खरं तर बदलीपेक्षा त्या बंद दाराचा विचार जास्त छळत होता. त्या घरात आत काय चाललं असेल? तिला मारलं तर नसेल? आणि ती माझ्या शब्दावर तिथून बाहेर पडली होती.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी गेलेच. अंगणात बैलगाडी नव्हती. ओसरीवर सासू एकटी तांदूळ निवडत होती. मी सुनेबद्दल विचारलं. तिनं सुपातले खडे बाजूला काढले. पुन्हा विचारलं तर म्हणाली, “नाई ती घरी.” मी तिथेच पायरीवर बसले.

“मावशी, कुठं आहे ती? सांगा मला.”

तिनं सूप खाली ठेवलं. “बपेऱ्याले गेली. बुढा घेऊन गेला. काल पहाटेच निघाले, पवनीवरी गाडीनं, मंग एसटीनं. मले इचारलंबी नाई.” मग, जणू मी तिथे नाहीच अशी, “माझी माय गेली तवा मले धान कापून चुरल्यावर सांगतलं. मी रडली का कोणापाशी? कामाच्या दिसात कोन सांगते? मले वाटलं, असंच असते.”

मी तिच्याजवळ सरकून तांदूळ निवडायला घेतले. तिनं नको म्हटलं नाही.

त्यानंतरचे दिवस काही कमी काळजीचे नव्हते. पावसानं जोर धरला होता, वैनगंगेला पूर असल्याचं लोक सांगत होते, एसट्या बंद पडत होत्या. ते दोघं पोहोचले की वाटेतच अडकले, कोणालाच ठाऊक नव्हतं. मी रोज शाळा सुटली की त्या घरावरून चक्कर मारायचे आणि सासूही मला बघून आतूनच मानेनं नाही म्हणायची.

सासरे परतले ते एकटेच. थकून गेले होते. वेळेवर पोहोचलो, असं त्यांनी सरपंचांना सांगितलं. सुनेची आई तिला ओळखून बोलली होती, अजून खाटेवरच होती, म्हणून सुनेला तिथेच ठेवून ते आले होते. मग त्यांनी विचारलं की गुरुवारचा भोंगा का बंद आहे. सरपंच गडबडले. सासरे म्हणाले, “या गुरुवारी माझं नाव सांगा.”

ते काय म्हणतील या धास्तीनं मी त्या गुरुवारी जेवले नाही. सुनेची बाजू घेतील, की सगळ्यांसमोर मला बोल लावतील? माइकसमोर बसून त्यांनी खाकरून घसा साफ केला आणि दंडारीतलं जुनं गाणं धरलं, बाईच्या आवाजात, सासरी निघालेल्या मुलीचं. आवाज फाटला होता. वरच्या सुराला पोहोचत नव्हता, मध्ये खोकला आला. तरी पूर्ण म्हटलं. घरच्या गोष्टीचा एक शब्दही काढला नाही. बाहेर दंडारीतल्या जुन्या ढोलकीवाल्याला राहवलं नाही आणि त्यानं खिडकीच्या चौकटीवर ठेका धरला. तक्रारीचा विषय त्यानंतर कोणी काढला नाही.

सून पोळ्याच्या आधी आली. आई गेली होती, पण शेवटच्या घडीला सून तिच्याजवळ होती. एकदा पाळीवर भेटली तेव्हा मी इतके दिवस मनात ठेवलेलं विचारलं, आधीपासून ठरवून आली होती का.

“नाई, बाई. भजनच म्हणायचं होतं. पण माझा आवाज तलावावरून वापस येऊन रायला होता. मले वाटलं, दुसरीच कोनी गाते तिकडं. मंग भेव गेला.”

पुन्हा गाशील का, असं मी विचारलं. ती हसली, डोक्यावरचा भारा सावरला आणि घराकडे वळली. माइकवर ती परत कधीच आली नाही. मात्र दिवाळीनंतर तिच्या शेजारघरच्या दोघी जावा येऊन मला विचारून गेल्या की गुरुवारी बायांनी आलं तर चालेल का. मी चालेल म्हटलं. त्यांचा गुरुवार आला, मी माइक हातात घेतला आणि “आपल्या गावच्या दोन सुना” म्हणताना पुन्हा अडखळले.