किसनचा कान

आमची पलटण तेव्हा डोंगरात होती. मी एमआय रूमला, म्हणजे पलटणीच्या दवाखान्यात, नर्सिंग असिस्टंट. मलमपट्टी, इंजेक्शन, गोळ्या हे माझं काम. मी घनसावंगीचा, सिपाही किसन जाफराबादचा. फौजेत आपल्या जिल्ह्याचा माणूस भेटला की तो भाऊच.

किसनचा डावा कान फुटला होता. उशीला पू लागायचा. तीन तऱ्हेचे अँटिबायोटिक ड्रॉप झाले, फरक न्हाई. पू तपासायला पाठवला, तर जंतू एकाही औषधाला दाद देईनात. मंग आमच्या कॅप्टन डॉक्टरांनी ड्रॉप बंद केले. पातळ व्हिनेगरनं कान धुवायचा, कापसाच्या वातीनं कोरडा करायचा, वरून बोरिक पावडर फुंकायची. रोज, एकवीस दिवस. कानात तेल न्हाई, पाणी न्हाई.

सहाव्या दिवशी आम्हा दोघांची सुट्टी निघाली. साहेब म्हणाले, "तुम्ही एकाच जिल्ह्याचे. पुढचे पंधरा दिवस कान तू धुवायचा. ऑर्डर समज."

"येस सर."

जिल्हा एक, पण घनसावंगीहून जाफराबादला जायचं म्हणजे जालन्याला एसटी बदला, दिवस गेला. किसन म्हणाला होता, तुझ्याच घरी राहतो. मीच म्हणालो, माय वाट पाहत असंल, जा, मी येत जाईन. दोनदा गेलो. बाकीचे दिवस सासुरवाडीला मटण खाल्लं, पारावर बसून फौजेच्या बढाया मारल्या. दुसऱ्या खेपेला पाहतो तर मायनं तेलात लसूण कढवून ते कानात घातलेलं. बिचारीला पोराचा ठणका पाहवेना. तेल घालू नको, हे तिला सांगायचंच मी विसरलो होतो.

परत आल्यावर मी रजिस्टरमध्ये लिहिलं, एकवीस दिवस पूर्ण, कान कोरडा. साहेबांनी भरवशावर सही केली. डाव्या कानानं ऐकू येईना, पण मला पनिशमेंट लागू नये म्हणून किसन गप बसला. कागदावर फिट झाला आणि आमच्यासंगं पेट्रोलवर, म्हणजे गस्तीला, निघाला.

सकाळी सात दहाला आम्ही कड्याखालून चाललो होतो. वरून दगड सुटले. डावीकडच्या खडकाआडून हवालदार ओरडला, "पत्थर! इधर आओ!" आम्ही सगळे आवाजाकडं पळालो. एकाच कानानं ऐकणाऱ्याला आवाज कुठून आला ते कळत न्हाई. किसन उजवीकडं पळाला. दगड तिकडंच आले.

वायरलेसवर मीच बोललो, "वन कॅज्युअल्टी. फेटल. ओव्हर."

त्याची पेटी घेऊन जाफराबादला मीच गेल्तो. कसं झालं ते सांगितलं, एक कान गेला होता म्हणून तो चुकीकडं पळाला हेही. मायनं विचारलं, "लेका, म्या तेल घातलं म्हून तर त्याचा कान गेला न्हाई ना?"

मी खाली मान घातली. म्हणालो, "जाऊ दे माय, झालं ते झालं."

लाज वाटते. तेव्हाही वाटली होती, पण नोकरी जास्त प्यारी होती.

पुढं रिटायर झालो. किसनची माय वारल्याचं कळलं तेव्हा दहाव्याला गेलो. भिंतीवर किसनचा युनिफॉर्ममधला फोटो होता. भावकीतली एक बाई सहज बोलून गेली, म्हातारीनं त्या सालापासून घरात लसूण येऊ दिला न्हाई. मी फोटोला सॅल्यूट केला आणि न जेवता एसटी स्टँडवर आलो. तिथंही तोंड उघडलं न्हाई.

म्हणून हे लिहून राह्यलो. माय, तुझ्या तेलानं काही झालं न्हाई. किसनचा कान मी धुतला न्हाई.