पाणी मागणारा आवाज

रेडिओवरच्या त्या भुतांच्या मालिकेत मेलं कोण आणि जितं कोण, हे मला आजतागायत कळलेलं नाही. नातवंडांना सांगायला बसते, तर माझंच डोकं गरगरतं. एका आठवड्यात माणूस विहिरीत पडून मरायचा. पुढच्या आठवड्यात दुसऱ्याच गावात, दुसऱ्याच घरात, त्याची अंगठी नव्या नवरीच्या पेटीत निघायची. मग ती नवरी म्हातारी होऊन तिसऱ्याच गोष्टीत भीक मागत यायची. आणि प्रत्येक गोष्टीच्या शेवटी कुणीतरी दार वाजवून म्हणायचं, "तांब्याभर पाणी मिळेल का?" की आमच्या अंगावर सर्रकन काटा! मेला पाणी का मागतो, ते काही शेवटपर्यंत कुणी सांगितलं नाही.

पिंपरीला नवा कारखाना निघाला होता, त्या सुमाराची ही गोष्ट. मी चाकणजवळच्या खेड्यात लग्न होऊन नुकती आले होते. गावात रेडिओ एकच, चावडीच्या ओट्यावर. पुरुष समोर, आम्ही बाया बाजूच्या भिंतीआड. वीज नव्हती, रेडिओ बॅटरीवर चालायचा, आणि बॅटरी उतरली की गाडी जुंपून तळेगावला नेऊन भरून आणावी लागे. त्यामुळे रेडिओ सांभाळणारा कोतवाल भारी चिकट. बाजारभाव झाले, बंद. बातम्या झाल्या, बंद. भुताची गोष्ट संपली रे संपली, की खटकन बंद. बॅटरी तळेगावला गेली की मधली एखादी गोष्ट हुकायची आणि मग गावात नुसता गोंधळ. "आरं, त्यो तर मेला व्हता की!" "न्हाई राव, मेला त्यो त्याचा भाऊ!"

सगळं गाव भ्यायचं, एकट्या माझ्या थोरल्या जाऊबाई सोडून. त्या गालाला हात लावून ऐकत बसायच्या. त्यांचा नवरा, म्हणजे माझा थोरला दीर, माझ्या लग्नाआधीच बापाशी भांडून नाटकवाल्यांबरोबर पुण्याला निघून गेला होता. पुढं कुणीतरी येऊन सांगितलं, तापानं गेला. मयत काही कुणी पाहिलं नाही. जाऊबाईंचा भाऊ त्यांचा पाट लावून, म्हणजे दुसरं लग्न करून द्यायला तयार होता. सांगवीकडचा एक बिजवर, चांगला शेतीवाडीवाला, त्यांच्या होकारासाठी खोळंबला होता. सासूबाई कधी म्हणायच्या जा, कधी म्हणायच्या माझा लेक यील. जाऊबाई भावाला दर खेपेला एकच सांगायच्या, "जितं हायेत का न्हाई, ते आधी कळू दे."

एके सकाळी दोघी जात्यावर बसलो होतो, तेव्हा त्या म्हणाल्या, "त्यो पाणी मागणारा हाय ना, त्यो आवाज ह्यांचा हाय."

माझ्या हातून खुंटाच सुटला. दिराला मी कधी पाहिलेलं नाही, आवाज कुठला ओळखणार? भूत बोलतंय की दीर बोलतोय, मला काही सुधरेना. मेलेलं माणूस रेडिओत बोलू शकत असेल, असंही मनात आलं. हसू नका, मला तेव्हा खरंच माहीत नव्हतं! मी नवऱ्याला विचारलं. मालिकेच्या वेळेला तो शिफ्टवर असायचा, त्यानं ती ऐकलेलीच नव्हती. पण पिंपरीला कंपनीत लागल्यापासून आपल्याला जगातलं सगळं कळतं, असा त्याचा समज. "रेडिओत समद्यांचेच आवाज तसे येतात," म्हणाला. मग डोकं खाजवत म्हणाला, "पण कंपनीत दुपारचं नाटक ऐकतो आमी, त्याच्या शेवटी काम करणाऱ्यांची नावं सांगतात."

नावं! आमच्या गावानं ती कधी ऐकलीच नव्हती. ऐकणार कशी, कोतवालाचा हात आधीच बटनावर.

शेवटच्या गोष्टीत आधीच्या सगळ्या गोष्टींतली माणसं एका धर्मशाळेत जमली. कोण कुणाचं कोण लागतं, काही पत्ता लागेना. दार वाजलं. त्यानं पाणी मागितलं. वाजंत्री सुरू झाली आणि कोतवाल उठला. तेवढ्यात जाऊबाई भिंतीआडून निघाल्या, डोईवरचा पदर सावरत थेट पुरुषांमधून ओट्यावर गेल्या आणि रेडिओपुढं आडव्या उभ्या राहिल्या.

"अंगात आलं! बाईच्या अंगात आलं!" कुणीतरी ओरडलं. एकजण मारुतीच्या देवळाकडं अंगारा आणायला पळाला. सासूबाईंनी तर सुनेलाच हात जोडले.

"बाई, बॅटरी..." कोतवाल लांबूनच म्हणाला.

"ऱ्हाऊ द्या."

आणि रेडिओतली बाई शांतपणे नावं वाचू लागली. मधेच कुठंतरी माझ्या दिराचं नाव आलं, आडनावासकट. एकच गलका! सासूबाई मटकन खाली बसून रडायला लागल्या, रडता रडता हसायला लागल्या. मलाही रडू आलं. कुणी गूळ आणला. त्या गडबडीत पाहते तर ओट्यावर जाऊबाई नाहीत आणि रेडिओ बंद.

घरी आले, तर त्या चुलीपुढं भाकरीचं पीठ मळत होत्या. मी म्हटलं, "बाई, नशीब काढलंत! जितं हायेत भावजी. आता येतील बघा."

त्यांनी हात थांबवला. "पुण्याहून हितं यायला किती येळ लागतो गं?"

"अर्धा दिस," मी म्हटलं.

"मेले असते तर ह्याच घरात जलम काढला असता मी," त्या म्हणाल्या. "उद्या चाकणच्या बाजाराला गाडी जाईल, तिच्यासंगं दादाला निरोप धाड. म्हणावं, काडीमोड घ्यायला ये. आन् सांगवीवाल्यांना व्हय म्हणून सांग."