माझी गिटार, त्याचे हात

दादानं गिटार आमच्याकडं आणून ठेवली, कारण त्याच्या घरच्यांना तो आवाज सोसेना. दादा म्हणजे माझा मावसभाऊ, डिंगोऱ्याचा. पुण्यात इंजिनिअरिंग करताना तो एका बँडमध्ये वाजवायचा. पुढं नोकरीचं काम घरूनच करता यायला लागलं, तसा गिटार, आवाज मोठा करायचा अ‍ॅम्प आणि पायानं दाबायचं पेडल असा सगळा पसारा घेऊन तो गावी आला. त्याचं घर भर आळीत. आमचं राजुरीच्या बाहेर मळ्यात, शेजारी नुसता ऊस. "मावशी, मी रविवारी येऊन वाजवत जाईन," असं त्यानं आईला सांगितलं आणि कांद्याच्या चाळीला लागून असलेल्या खोलीत त्याचं सामान लागलं.

मी तेव्हा आळेफाट्याला ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टच्या दुकानात कॉम्प्युटरवर बिलं करायचे. अजूनही करते.

पहिल्यांदा त्यानं मला हेडफोनवर मेटल नावाचं ते दणदणाटी संगीत ऐकवलं, तेव्हा मी तो लगेच काढून ठेवला.

"हा माणूस एवढा का ओरडतोय? कुणी मारलं का त्याला?"

दादा हसला. "गाणाऱ्याला सोड गं. खाली गिटार काय करतीय ते ऐक. आणि ती कुठं गप बसतीय ते ऐक."

मी परत ऐकलं. सगळा कल्लोळ चालू असताना गिटार अचानक कापल्यासारखी थांबायची आणि त्या रिकाम्या जागेनंतरचा घाव थेट छातीत बसायचा. ओळखीचं काहीतरी होतं त्यात. ते काय हे अण्णांनी, माझ्या वडिलांनी, सांगितलं. माझ्या आजोबांपर्यंत आमच्यात मेंढरं होती. अण्णांच्या हाती फक्त शेती आली, पण बिरोबाच्या जत्रेत गजी ढोल अजून तेच वाजवतात. एकदा खोलीच्या दारात उभं राहून त्यांनी दादाचं वाजवणं ऐकलं आणि म्हणाले, "हे तर ढोलावानी हाय की. नुसतं बडवून नाय जमत, हात दाबावा लागतो."

दादानं मला नेमकं तेच शिकवलं. उजव्या तळव्याची करंगळीकडची कड तारांवर टेकवायची आणि चिमटीत धरलेल्या प्लास्टिकच्या पिकनं वाजवायचं. जास्त दाबलं तर लाकडावर मारल्यासारखा ठक्क आवाज येतो, कमी दाबलं तर तार मोकाट सुटते. मधली जागा मिळायला मला सगळा उन्हाळा लागला. डाव्या हाताच्या बोटांना फोड आले, फुटले, मग कातडी राठ झाली. दुकानात कीबोर्डवर बोटं टेकली की झोंबायची, आणि मला बरं वाटायचं. दादा रविवारी यायचा, मी रोज संध्याकाळी बसायचे. दिवाळीपर्यंत वेगात मी त्याच्या पुढं गेले होते. तो स्वतःच म्हणाला, "लई पळतीयेस राव तू." मला ते खूप गोड लागलं होतं.

त्या हिवाळ्यात माझं स्वतःचं असं काही पहिल्यांदा तयार झालं. सगळ्यात जाड तार एक सूर खाली उतरवली आणि अण्णांच्या ढोलाचा एक ठेका तिच्यावर बसवला. त्यात एका जागी माझी करंगळी लांब पोचायची नाही. तिथं तार दर वेळी बारीक किंचाळायची. दादाला ऐकवलं, तर तो खाटेवर बसून राहिला. पुढच्या रविवारी लॅपटॉप घेऊन आला.

"तू वाजव, मी रेकॉर्ड करून ठेवतो. नंतर ऐकलं की चुका कळतात."

मी वाजवलं. त्यानं परत वाजवायला लावलं, मी परत वाजवलं. आईनं दोघांना चहा आणून दिला.

नंतर त्याचं येणं कमी झालं. काम वाढलंय म्हणाला. उन्हाळा लागला तेव्हा दुकानातल्या मेकॅनिकनं मोबाईल माझ्यापुढं धरला. "ताई, हे बघ, आपल्या डिंगोऱ्याचं पोरगं. काय वाजवतंय!"

व्हिडिओत दादा धरणाच्या भिंतीपाशी उभा होता. काळा शर्ट, केस मोकळे, गळ्यात कुणाची तरी गिटार, मागं ड्रमचा आवाज चढवलेला. ठेका माझा होता. ठेका कुणी उचलला असता तरी मी समजून घेतलं असतं. पण त्या जागी तार किंचाळली, बारीक, अगदी तश्शी. त्याची बोटं आवाजाच्या मागून पोचत होती. ते वाजवणंच माझं होतं. तो नुसता हात हलवत होता. खाली लोकांनी भरभरून कौतुक केलं होतं आणि तो एकेकाला हात जोडून उत्तर देत होता.

"भारी आहे," मी मेकॅनिकला म्हणाले आणि बिल करायला लागले. चुकीचं झालं, परत केलं.

रविवारी मी त्याला बोलावून घेतलं. गिटार त्याच्या हातात दिली.

"वाजव."

त्यानं ती मांडीवर घेतली, पण वाजवली नाही. "हे बघ, माझं रेकॉर्डिंग नीट येईना. तुझं मस्त आलं व्हतं. आपण काय वेगळे हाय का?"

"विचारायचं तरी होतंस."

"विचारलं असतं तर तू काय करणार व्हतीस? स्टेजवर उभी राहणार व्हतीस? मावशीनं पाठवलं असतं?"

मी काय केलं असतं, हे मला खरंच माहीत नव्हतं. ते शोधायची वेळ त्यानं माझ्यावर येऊ दिली नव्हती. मग तो खाली बघत म्हणाला की नारायणगावला एका मंगल कार्यालयात नव्या कलाकारांचा कार्यक्रम आहे आणि त्याला बोलावलंय. "तू चल ना. साउंडवाल्यापाशी पडद्यामागं बस आन् तिथून वाजव. कुणाला कळणार पण नाय."

मी गिटार पिशवीत घातली, चेन लावली आणि ती त्याच्या गाडीच्या सीटवर नेऊन ठेवली. पेडल, अ‍ॅम्प, सगळं. आई ओट्यावरून बघत होती. "अगं, एवढं काय त्यात? घरातल्या घरातच हाय ना," ती म्हणाली.

कार्यक्रमाला मी अण्णांबरोबर गेले. न जाता राहवेना. दादा पुढं आला, डोळे मिटले, आणि मोठ्या स्पीकरमधून माझं तेच रेकॉर्ड केलेलं वाजवणं बाहेर पडलं. खुर्ची हादरली. मी स्वतःला इतकं मोठं कधीच ऐकलं नव्हतं. अंगावर काटा आला आणि त्या काट्याचाच मला राग आला. संपल्यावर दादानं माईक घेतला. "हा ठेका मला माझ्या काकांच्या ढोलातून सुचला," म्हणाला, आणि अण्णांना वर बोलावलं. त्यांना शाल पांघरली, नारळ दिला. अण्णा लाजत हसत होते. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. मी बसून होते.

परत येताना अण्णा गाडी चालवत होते. राजुरीचा फाटा आल्यावर मान न वळवता म्हणाले, "ते तुझंच व्हतं ना?"

मला वाटत होतं, त्यांना कळलं नसेल. "तुम्ही ओळखलं?"

"न ओळखायला काय झालं? रोज ऐकत व्हतो."

"मग वर गेलात कशाला? बोलला का नाहीत?"

"पाव्हण्यारावळ्यांत काय बोलायचं? तुझ्या आईचा भाचा हाय तो." गाडी फाट्यावरून आत वळवून म्हणाले, "आन् शाल घातल्यावर मानूस काय बोलतो?"

दादाचं मला आधीच कळलं होतं. अण्णांचं मात्र त्या रस्त्यावर कळलं. नारळ आईनं देवापुढं ठेवला. दुसऱ्या दिवशी खोबऱ्याची चटणी झाली, मी ती खाल्ली नाही.

पुढं दादानं व्हिडिओखाली बहिणीचे आभार मानून एक ओळ टाकली. बहिणीनं काय केलं ते लिहिलं नाही. दिवाळीला आला तेव्हा दारातच हसत म्हणाला, "अजून रागात का?"

"हो," मी म्हणाले. तो चपला काढायचा थांबला. आईनं लगेच फराळाचं ताट आणलं आणि विषय कांद्याच्या रोपांवर गेला.

आता माझी स्वतःची गिटार आहे, जुनी, एका छोट्या अ‍ॅम्पसकट दुसऱ्याकडून घेतलेली. खालच्या तारेला जरा खरखर आहे, पण हात दाबला की आवाज भरून येतो. करंगळी आता पोचते. नवीन दोन गोष्टी बसवल्यात, आधीच्यापेक्षा अवघड. संध्याकाळी वाजवायला बसले की अण्णा बाहेर येरझाऱ्या घालतात, दारापाशी जरा थांबतात. मी दार आतून लावून घेते आणि हेडफोनची वायर अ‍ॅम्पला जोडते. बाहेर त्यांना फक्त तारांवर पिक घासल्याचा आवाज जात असेल.