आकडा मागणारे तात्या

मी झाडलोट करते त्या डेअरीतला कॉम्प्युटर बंद पडला की बारामतीहून दुरुस्तीवाले तात्या यायचे आणि आल्या आल्या माझ्या केसातला आकडा मागायचे. चारचौघांत बाईकडे आकडा मागणारा असा एकच माणूस मी पाहिला. मी लाजून तो टेबलावर ठेवायची.

कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा ते बाहेर काढायचे, चाकूनं आकड्याच्या टोकांवरचा रंग खरवडायचे आणि एक टोक हिरव्या वायरपाशी, एक काळ्या वायरपाशी खुपसायचे. डब्याचा पंखा फिरला तर डबा जिवंत, नाहीतर मेला. "पोटालाच मिळंना, मग डोकं काय करणार?" म्हणायचे. आकडा मात्र परत द्यायचे नाहीत. तो खिशाला अडकवून घरी जायचे. त्यांच्या बायकोला काय वाटत असेल, याची काळजी मलाच.

स्वतःवर भरवसा फार. एकदा आकडा खुपसून त्यांनी डबा मेल्याचं जाहीर केलं. भिंतीवरचं बटणच बंद होतं. मी झाडू ठेवला आणि मुकाट्यानं ते दाबलं. पंखा गरगरला. सगळे हसले, तात्या सगळ्यांत जास्त. "ताई, तोंड हाय न्हवं? सांगायचं की."

मग एका सकाळी दूध घालायला रांग लागलेली आणि कॉम्प्युटर गप्प. डेअरीचे सचिव म्हणाले, "हिनंच ओल्या फडक्यानं पुसला असंल. उद्यापासनं येऊ नको." फडकं कोरडं होतं, पण मी ते पदराआड धरून कोपऱ्यात सरकले.

तात्या आले. आकडा घातला. या वेळी त्याआधी आठवणीनं भिंतीवरचं बटण बघितलं होतं. मग डबा उघडला आणि मला बोलावलं.

"वारा येतोय का बघा. मोठ्यानं सांगा, रांगंला ऐकू गेलं पायजे."

मी पंख्यापुढं हात धरला. "न्हाय."

"आत काय दिसतंय?"

"धूळ. आन् काय तरी जळलंय."

"पाणी?"

"टिपूस न्हाय," मी म्हणाले. मग आपोआपच निघालं, "फडकं कोरडंच हुतं."

सचिवांनी रांगेकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "चहा ठेव," म्हणाले. उद्याचं पुन्हा कुणी काढलं नाही.

तात्या जाऊन वर्ष झालं. परवा त्यांच्या बायको आमच्या निमगावला पाहुण्यांकडं आल्या होत्या, वाट विचारत डेअरीत आल्या. पदराची गाठ सोडून मूठभर आकडे माझ्यासमोर ठेवले.

"ह्या आकड्यांपायी लई भांडले मी त्यांच्याशी," म्हणाल्या आणि हसू लागल्या.

त्यातला एक मी रोज लावते. टोकं खरवडलेली, डोक्याला टोचतात. टोचलं की मी बोलते.