लव्हर्नबाईंची शाबासकी

केल्सी फेरी गावाच्या बेसबॉल संघाचं नाव हेरन्स. हेरन म्हणजे बगळा. खेळाडूंच्या टोप्यांवर एका पायावर उभा असलेला निळा बगळा होता, आणि त्या वर्षी, म्हणजे अठ्ठ्याऐंशी साली, गावातला जो तो म्हणत होता की चित्र अगदी बरोबर काढलंय, यांचं सगळं एका पायावरच चाललंय. मोसमातल्या एकशे चाळीस सामन्यांपैकी एकशे एकोणचाळीस होऊन गेले होते. चाळीस जिंकलेले, नव्याण्णव हरलेले. शेवटचा सामना रविवारी दुपारी घरच्याच मैदानावर होता आणि नदीच्या दोन्ही काठांवर एकच चर्चा होती, हेरन्सची शंभरी भरणार की नाही. धक्क्यावरच्या बेकरीवाल्याने तर शंभराचा आकडा घातलेला केक शनिवारीच करून ठेवला होता. "आणि जिंकले तर रे?" कुणी विचारलं की तो म्हणे, "जिंकले तर मी एकटा खाईन सगळा. निर्धास्त आहे मी."

इतकं हरणाऱ्यांना बघायला लोक जायचे तरी कशाला? खरं सांगायचं तर निम्मे लोक लव्हर्नबाईंना ऐकायला जायचे.

लव्हर्न क्लॅसेन शाळेच्या जेवणघरात एकतीस वर्षं वाढायच्या. चारशे पोरांच्या गलक्यातून "रांग मोडणाऱ्याला बटाटा नाही!" हे शेवटच्या पोराच्या कानापर्यंत पोचवायचं, तर गळा तसाच लागतो. निवृत्त झाल्या तेव्हा हातातला डाव सुटला, पण मैदानावरचे नऊ डाव हाती आले. उजव्या कोपऱ्याजवळ पहिल्याच रांगेत त्यांची जागा ठरलेली. शेजारी नवरा मर्ल, मांडीवर भुईमुगाच्या शेंगांची पिशवी. मर्ल शेंगा सोलून दाणे बायकोच्या कागदी पेल्यात टाकायचा. बोलायचं खातं तिच्याकडे होतं, आणि बेचाळीस वर्षांच्या संसारात त्याबद्दल त्याची तक्रार नव्हती.

गोलंदाजाचे चेंडू इकडेतिकडे जायला लागले की बाई उभ्या राहात. "अरे बाळा, ताटात वाढ, ताटात! भिंतीला भूक नाहीये!" आणि सगळं स्टँड खदखदायचं. पंचाला त्या म्हणत, "तुझ्या आजीला ओळखते मी. तीसुद्धा चष्मा घरी विसरायची!" दुसऱ्या गावचे लोकही त्यांना ऐकायला गाडी काढून येत.

पण त्या मोसमात त्यांचं गिऱ्हाईक एकच होतं, एमेट लारू. लुइझियानाहून आलेला, एकतीस वर्षांचा, दहा वर्षं असल्याच छोट्या गावांतल्या संघांतून खेळत फिरलेला. तो उजव्या कोपऱ्यात उभा राहायचा, म्हणजे बाईंच्या अगदी पुढ्यात. उंचच उंच, पाय काटक्यांसारखे, मान पुढे काढून उभा. बगळाच. आणि झेल सोडायचा. रोज नाही, पण सोडायचा तो नेमका सगळे बघत असताना.

"लारू, गरम होता काय रे चेंडू? उद्या माझी सांडशी घेऊन येते!"

"अरे बगळ्या, ध्यान पुरे झालं! डोळे उघड, मासा गेला!"

लारू हसायचा. मान वळवून टोपीला दोन बोटं लावायचा. त्यामुळे बाईंना वाटे, पोराला मजा येते. जुलैत एकदा एका सामन्यात दोन झेल सुटले, तेव्हा त्या ओरडल्या, "लारू, घरी फोन कर! आईला सांग, चूल पेटव म्हणावं, लवकरच येतोय मी!" लोकांनी बाकं बडवली. त्या दिवशीही त्याने टोपीला बोटं लावली होती.

शेवटच्या सामन्याच्या आदल्या दिवशी चर्चच्या तळघरात बायका मक्याची कणसं सोलत बसल्या होत्या. संध्याकाळी तिथे गावजेवण होतं. लव्हर्नबाईंच्या शेजारी त्यांची शाळेपासूनची मैत्रीण आर्लीन वॉस होती. बाहेरगावच्या खेळाडूंना गावकरी मोसमापुरते घरी ठेवून घेत, आणि लारू आर्लीनकडेच राहात होता.

"उद्या त्याचे वडील येतायत," आर्लीन म्हणाली. "इतक्या लांबून बसने. दहा वर्षांत पहिल्यांदाच बघणार म्हणे पोराला खेळताना."

"मग आमच्याकडे बसव की त्यांना! दाणे खायला घालू."

आर्लीन कणसाचे केस ओढत राहिली. मग म्हणाली, "लव्हर्न, सांगू की नको असं झालंय मला. त्याने तिकीट पलीकडच्या बाजूचं काढलंय. तिसऱ्या बेसच्या मागे, खांबाआड."

"खांबाआड? तिथून काय दिसणार म्हाताऱ्याला?"

"मीही तेच म्हटलं. तर म्हणाला, कमी दिसलं तरी चालेल, ऐकू नको यायला."

बाईंचे हात थांबले. "माझं?"

"आणखी कुणाचं, बाई?"

"अगं पण तो हसतो! टोपीला हात लावतो!"

"रडेल का मैदानात?" आर्लीन म्हणाली. "संघाने जुलैतच त्याला सांगितलंय की पुढच्या वर्षी नको. हा शेवटचाच मोसम त्याचा. रोज घरी येतो, गपचूप जेवतो, ताट धुऊन ठेवतो. एकदा मला विचारलं त्याने, त्या बाईंचं मी काही वाकडं केलंय का?"

बाईंनी पुढचं कणीस उचललं आणि सोललेलंच पुन्हा सोलायला लागल्या. जुलै. चूल पेटव म्हणावं. आठवणार नाही कसं, वाक्य स्वतःचंच होतं आणि स्वतःलाच फार आवडलं होतं.

घरी जाताना गाडीत त्या मर्लला म्हणाल्या, "उद्या मी त्याला शाबासकी देणार आहे. सगळ्यांसमोर. बापाला ऐकू जाईल अशी."

मर्ल म्हणाला, "त्यापेक्षा गप्प बस."

"गप्प बसले तर त्याला कसं कळणार?"

"ते मला नाही माहीत," मर्ल म्हणाला. "पण गप्प बस."

रविवारी स्टँड तुडुंब भरलं. शंभरी बघायला अख्खं गाव लोटलं होतं. बेकरीवाला केकचं खोकं मांडीवर घेऊन बसला होता. बाईंनी पलीकडे नजर लावली. तिसऱ्या बेसच्या मागे, खांबाशेजारी एक सडपातळ म्हातारा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून बसला होता. टोपी गुडघ्यावर. कधी खांबाच्या डावीकडून, कधी उजवीकडून मान काढून बघत होता.

पहिल्या डावात पाहुण्या संघाने तीन धावा काढल्या. बाई गप्प. तिसऱ्यात गोलंदाजाने चेंडू पाहुण्यांच्या खेळाडूच्या पाठीत घातला. बाई गप्प. मागच्या रांगेतून कुणीतरी हाक मारली, "मिसेस क्लॅसेन, बरं नाही का?" दुसरा म्हणाला, "घसा बसला असेल. लेमोनेड द्या रे त्यांना!" पॉपकॉर्न विकणाऱ्या बाईने तर वाकून कपाळाला हात लावून पाहिला. पाचव्या डावापर्यंत लोक खेळ सोडून त्यांच्याकडेच बघायला लागले होते. आपल्या गप्प बसण्याचाही तमाशा होतोय हे बाईंना कळत होतं, पण करणार काय?

आठव्या डावात हेरन्स सहा-दोन असे मागे होते. लारू फलंदाजीला आला. त्या मोसमातला, आणि आयुष्यातला, त्याचा शेवटचाच डाव असणार हे त्याचे वडील, आर्लीन आणि बाई सोडून त्या स्टँडात कुणाला माहीत नव्हतं. दोन चेंडू हुकले. तिसरा त्याने असा काही टोलवला की बॅटचा आवाज नदीपार गेला असेल. चेंडू कुंपणावर आदळला, आधीपासून बेसवर असलेला खेळाडू धाव पुरी करून आला आणि लारू त्या काटक्यांसारख्या पायांनी पळत, घसरत दुसऱ्या बेसला पोचला. उभा राहिला. गुडघ्याची धूळ झटकली. आणि पलीकडे खांबाकडे बघितलं. म्हातारा उभा राहून टाळ्या वाजवत होता.

लव्हर्नबाई उठल्या. मर्लने त्यांच्या कोटाचं टोक धरलं, पण उशीर झाला होता.

"शाब्बास, लारू!"

मग अख्खं स्टँड हसत सुटलं. अडीच तास लोकांनी ज्याची वाट बघितली होती ते आलं होतं.

"शाब्बास रे! फार सुंदर मारलास!"

हशा वाढला. कुणीतरी शिट्टी मारली. बेकरीवाला डोळे पुसत शेजाऱ्याला म्हणाला, "बाईंनी सगळं शेवटासाठी राखून ठेवलं होतं बघ!"

"नाही, नाही! मी खरंच म्हणतेय!" बाई दोन्ही हात हलवून ओरडल्या. "लोकहो, हसू नका! हा चांगला खेळाडू आहे!"

आता तर लोक एकमेकांच्या अंगावर पडून हसत होते. पंच हसत होता. पाहुण्यांचा गोलंदाज हातमोजा तोंडावर धरून हसत होता. पलीकडच्या म्हाताऱ्याच्या टाळ्या थांबल्या. हसणाऱ्या तोंडांवरून त्याची नजर फिरली, आणि तो हळूच खाली बसला. लारूने बाईंकडे बघितलं नाही. जमिनीकडे बघतच टोपीला दोन बोटं लावली.

"बस खाली, लव्हर्न," मर्ल म्हणाला.

त्या बसल्या. हेरन्स सहा-तीन असे हरले, शंभरी भरली, केक कापला गेला आणि लोकांनी पराभवाला वाढदिवसासारख्या टाळ्या वाजवल्या. केकचा तुकडा बाईंकडेही आला. त्यांनी तो मर्लला दिला.

मोसमाच्या शेवटच्या दिवशी खेळाडू फाटकाशी उभे राहून लोकांचा निरोप घेत. बाई रांगेत उभ्या राहिल्या. लारूपर्यंत पोचायला वीसेक मिनिटं लागली. तेवढ्यात काय बोलायचं ते त्यांनी चार वेळा मनात जुळवलं. पुढे आल्या तेव्हा त्याच्या शेजारी वडीलही होते.

"मिसेस क्लॅसेन!" लारू हसून म्हणाला. "आजचा सगळ्यात भारी होता हं. मानलं तुम्हाला!"

"नाही रे बाळा, ऐक. मी थट्टा नव्हते करत. तो फटका खरोखर—"

"हो हो, कळलं की," तो म्हणाला. तसाच हसत, तसाच अदबीने. "हे माझे वडील."

म्हाताऱ्याने टोपी काढली. "मी पलीकडे बसलो होतो, बाई," तो म्हणाला. "तुमचा आवाज तिथपर्यंत येतो."

आवाजात राग नव्हता. राग असता तर बाईंना काही बोलता आलं असतं. मागून रांग ढकलत होती. कुणीतरी ओरडलं, "मिसेस क्लॅसेन, आणखी एक होऊन जाऊ दे!" आणि त्या बाजूला झाल्या.

ऑक्टोबरात त्यांनी आर्लीनकडून पत्ता घेऊन पत्र लिहिलं. तीन पानी. आठ दिवस लागले, कारण लिहिलेलं प्रत्येक वाक्य वाचताना चढ्या आवाजातलं वाटे. तुझे झेल सुटले ते लोकांनी पाहिले, पण तू कितीदा धावत जाऊन अवघड चेंडू अडवलेस ते मी जवळून पाहिलं आहे, असं लिहिलं. मी चुकले, असंही लिहिलं. मर्लला वाचायला दिलं. त्याने चष्मा लावून सगळं वाचलं आणि म्हणाला, "चांगलं आहे. टाक पेटीत."

नदी गोठली तरी उत्तर नव्हतं. फेब्रुवारीत एक पोस्टकार्ड आलं. लारू मामाच्या होड्यांच्या इंजिन दुरुस्तीच्या कारखान्यात काम करत होता. अक्षर वळणदार होतं. 'मिसेस क्लॅसेन, तुमचं पत्र कारखान्यात सगळ्यांना वाचून दाखवलं. हसून हसून पोट दुखलं. तो “मी चुकले” वाला भाग तर मामांनी पुन्हा वाचायला लावला. तुमच्यासारखी बाई मी दुसरी पाहिली नाही. बाबांनी नमस्कार सांगितलाय.'

बाईंनी कार्ड दोनदा वाचलं आणि मर्लपुढे सरकवलं.

"पुन्हा लिहिशील?" त्याने विचारलं.

"काय लिहू? पुन्हा हसतील."

"हसले तर हसू देत. बिचारे खूश तर आहेत."

"मला त्याला हसवायचं नव्हतं रे," लव्हर्नबाई म्हणाल्या, आणि उठून खिडकीतल्या कुंड्यांना पाणी घालायला लागल्या. कुंड्यांना सकाळीच घातलं होतं.

एप्रिलात नवा मोसम सुरू झाला. उजव्या कोपऱ्यात नेब्रास्काचा कुणी नवा खेळाडू होता. दुसऱ्याच डावात त्याच्या हातून साधा झेल सुटला. सगळं स्टँड आपोआप पहिल्या रांगेकडे वळलं, तोंडं उघडी, हसायला तयार. बाई दाण्यांच्या पेल्यात बघत राहिल्या. काही वेळाने मागून कुणी तरुण काहीतरी बरळला, त्या खेळाडूच्या बुटांवरून. दोघे-तिघे हसले.

"ह्यात विनोद कुठे होता?" बाई पुटपुटल्या.

"तुझ्यातही नेहमी नसायचा," मर्ल म्हणाला आणि त्याने आणखी चार दाणे त्यांच्या पेल्यात टाकले.

बाई नवव्या डावापर्यंत बसून राहिल्या. हेरन्स नऊ-दोन असे हरले.